ग्रंथालयांची गणती आणि तिची साक्ष

कोणत्याहि गांवच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेस जो एकदां तरी हजर राहिला आहे, त्यास तेथील अहवालवाचनाचा प्रसंग परिचित असतोच. चिटणीस उठतात, चष्मा नीट करतात, आणि वर्षअखेर ग्रंथसंख्या किती, सभासद किती, नियतकालिकें किती व वर्षभरांत देवघेव किती झाली हें सारें एका सुरांत वाचून दाखवितात. आंकडा गेल्या वर्षाहून मोठा असला तर टाळ्या पडतात. लहान असला तर लोकांच्या अनास्थेस दोष देण्यांत येतो. आणि मग चहापानास आरंभ होतो. या आंकड्यांना कोणी कांहीं विचारीत नाहीं आणि ते आपण होऊन कांहीं सांगत नाहींत. तथापि ग्रंथालयांच्या इतिहासांत असा एक काळ होऊन गेला कीं, अशाच एका कोरड्या कोष्टकानें एका बलाढ्य राष्ट्राच्या कायदेमंडळास खालीं पाहावयास लाविलें, आणि त्या लाजेंतून करावर चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाची संस्था जन्मास आली. त्या कोष्टकाची, त्यांतील चुकांची, आणि पुढें हीच गणती आपल्या देशांत कोणाकोणाच्या हातीं गेली याची हकीकत सांगावी, असा या लेखाचा हेतु आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत इंग्लंडमध्यें आंकडे गोळा करण्याचा मोठाच उत्साह संचरला होता. कारखान्यांनीं गजबजलेल्या नव्या शहरांत माणसें कशीं राहतात, कशानें मरतात, त्यांपैकीं कितीजणांस आपलें नांव लिहितां येतें, हें मोजल्याशिवाय सुधारणेची भाषा बोलणें व्यर्थ आहे, असा त्या पिढीचा निश्चय झाला होता. १८३४ सालीं लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन झाली ती याच वृत्तीचें फळ होय. याच संस्थेच्या नियतकालिकांत १८४८ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता युरोप व अमेरिकेंतील संयुक्त संस्थानें यांमधील प्रमुख सार्वजनिक ग्रंथालयांचें सांख्यिक दर्शन. आणि लेखक होता ब्रिटिश म्यूझियममधील एक कनिष्ठ साहाय्यक, एडवर्ड एडवर्ड्‌स.

हा गृहस्थ कोणत्याहि विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. १८१२ सालीं लंडनमध्यें जन्मलेला हा बांधकाम करणाऱ्या बापाचा मुलगा. तरुणपणीं त्यानें गवंडीकामाची उमेदवारी केली होती. विद्या मिळविली ती स्वतःच्या वाचनानें. १८३६ सालीं ब्रिटिश म्यूझियमच्या कारभाराची चौकशी करण्यास पार्लमेंटनें समिति नेमली, तेव्हां या तेवीस वर्षांच्या तरुणानें तेथील वाचकांच्या गैरसोयींविषयीं साक्ष दिली. आणि पुढें १८३९ सालीं त्याच म्यूझियमांत त्यास नोकरी मिळाली. ज्यास पुस्तकें सहजीं मिळत नाहींत त्याचें दुःख पुस्तकांच्या राशींत जन्मलेल्यांना समजत नाहीं. एडवर्ड्‌सला तें समजत होतें, आणि तें दुःख केवळ शब्दांनीं सांगून भागणार नाहीं हेंहि त्याच्या ध्यानांत आलें होतें.

म्हणून त्यानें आंकड्यांचा आश्रय केला. युरोपांतील एकेक शहर घेऊन तेथें ग्रंथालयें किती, त्यांत ग्रंथ किती, ग्रंथखरेदीस दरसाल पैसा किती, आणि मुख्य म्हणजे आंत येण्याची मुभा कोणास, हें त्यानें मांडलें. नुसत्या ग्रंथसंख्येवर तो थांबला नाहीं. ती संख्या शहराच्या लोकसंख्येशीं ताडून दर शंभर माणसांमागें किती ग्रंथ पडतात हेंहि त्यानें काढलें. आज ही रीत आपणांस साधी वाटते. परंतु तिच्यामुळें प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. लंडनमध्यें ग्रंथ पुष्कळ आहेत या समाधानाला तडा गेला. कारण त्याच शहरांत माणसेंहि पुष्कळ होतीं, आणि त्या माणसांना त्या ग्रंथांपर्यंत पोंचण्याची वाट नव्हती. जर्मनींतील लहान लहान संस्थानांच्या राजधान्या या हिशेबांत जगाच्या बाजारपेठेच्या पुढें गेल्या. व्यापारांत, आरमारांत व यंत्रांत सर्वांच्या पुढें असलेलें राष्ट्र पुस्तकांच्या बाबतींत मागें आहे, हें त्या कोष्टकानें एका पानांत दाखविलें.

हा निबंध विल्यम यूअर्ट या पार्लमेंटच्या सभासदाच्या दृष्टीस पडला. गुरें चोरण्यासारख्या गुन्ह्यांची फांशीची शिक्षा रद्द करविण्यांत ज्यानें पुढाकार घेतला होता, तोच हा यूअर्ट. त्याच्या खटपटीनें १८४९ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांच्या चौकशीसाठीं समिति नेमली गेली. एडवर्ड्‌स हा तिचा प्रमुख साक्षीदार होता. फ्रान्समधून परागंदा झालेला मुत्सद्दी व इतिहासकार गिझो यानें तिच्यापुढें आपल्या देशाची हकीकत सांगितली. कामकरी वर्गाचा पुढारी लव्हेट यानें गरिबांच्या वाचनाची दशा सांगितली. आणि स्वावलंबनाचा उपदेश करणारा स्माइल्स यानेंहि साक्ष दिली. परदेशांतल्याप्रमाणें ज्याचीं दारें सर्वांस मोकळीं आहेत असें ग्रंथालय सबंध ग्रेट ब्रिटनमध्यें एकच, आणि तें म्हणजे १६५३ मध्यें एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रानें स्थापन झालेलें मँचेस्टरचें चेटम ग्रंथालय, असा निर्णय समितीनें नमूद केला. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, जो निर्णय सर्वांत बोंचला तो लाखांचा नव्हता, एकाचा होता.

येथवरची कथा एखाद्या विजयगाथेसारखी वाटते. परंतु तिला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाहीं. एडवर्ड्‌सच्या आंकड्यांवर लगोलग हल्ला झाला, आणि तो ग्रंथालयांच्या एखाद्या शत्रूनें केला नाहीं. ब्रिटिश म्यूझियममधीलच एका प्रकांड पंडितानें केला. अनेक भाषा जाणणारा टॉमस वॉट्‌स यानें ‘अथीनियम’ पत्रांत ‘पडताळा पाहणारा’ अशा अर्थाचें टोपणनांव घेऊन एडवर्ड्‌सच्या कोष्टकाचीं उणीं दाखविलीं. वादाचें मूळ असें होतें कीं, ‘एक ग्रंथ’ म्हणजे काय याविषयींच एकवाक्यता नव्हती. कोठें एका पुठ्ठ्यांत बांधलेल्या वीस चोपड्यांचा एक ग्रंथ धरीत, तर कोठें त्यांचे वीस. एखाद्या संग्रहालयाची संख्या प्रत्यक्ष मोजलेली असे, तर दुसऱ्याची कोणा प्रवाशानें अंदाजानें सांगितलेली. अशा भिन्न जातीच्या संख्या एका रकान्यांत उभ्या करून त्यांची बेरीज-वजाबाकी केली, तर उत्तर बिनचूक दिसतें. तें खरें असतेंच असें नाहीं.

या ठिकाणीं सुधारणेच्या प्रत्येक पुरस्कर्त्यानें क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें. एडवर्ड्‌सचा मुद्दा बरोबर होता. त्याचे कित्येक आंकडे डळमळीत होते. मुद्दा बरोबर आहे एवढ्यावरून आंकड्यांकडे डोळेझांक करावी, हा मोह चांगल्या माणसांनाहि होतो; किंबहुना चांगल्या माणसांनाच तो अधिक होतो, कारण आपला हेतु शुद्ध असल्याची त्यांस खात्री असते. वॉट्‌सच्या टीकेनें सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ थांबली नाहीं, आणि तें योग्यच झालें. कारण दारें बंद होतीं ही गोष्ट ग्रंथांच्या बेरजेवर अवलंबून नव्हती. परंतु ज्या दिवशीं ग्रंथालयें आंकड्यांच्या आधारानें पैसा मागूं लागलीं, त्याच दिवसापासून आंकडे तपासणारा ‘पडताळा पाहणारा’हि त्यांच्या मागें लागला, आणि तो आजवर सुटलेला नाहीं. तो सुटूं नये, असेंच आमचें मत आहे.

१८५० सालीं यूअर्टचें विधेयक पार्लमेंटपुढें आलें तेव्हां त्यास विरोध थोडा झाला नाहीं. आपणांस वाचनच मुळीं आवडत नाहीं, असें कर्नल सिबथॉर्प या सभासदानें भर सभेंत सांगून टाकिलें. इतरांची तक्रार कराची होती. दुसऱ्या वाचनाच्या वेळीं ११८ मतें अनुकूल व १०१ प्रतिकूल पडलीं. म्हणजे अवघ्या १७ मतांनीं ती गोष्ट पार पडली. जो कायदा झाला तोहि मोठा सावध होता. दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरासच तो लागू. त्यासहि करदात्यांपैकीं दोनतृतीयांशांची संमति पाहिजे. कर पौंडामागें अर्धा पेनी, म्हणजे ४८० भागांपैकीं एक भाग. आणि तो पैसा इमारत, सामान व नोकर यांवर खर्चावा, पुस्तकांवर नव्हे! ग्रंथालय बांधावें परंतु ग्रंथ विकत घेऊं नयेत, ते लोकांनीं दान द्यावे, असा हा विलक्षण प्रकार होता. १८५५ मध्यें ही चूक दुरुस्त होऊन पुस्तकखरेदीची परवानगी मिळाली आणि कराची मर्यादा एक पेनी झाली. पण ती पेनीची मर्यादा पुढें १९१९ पर्यंत, म्हणजे ६४ वर्षें, टिकून राहिली.

मँचेस्टरनें आपलें ग्रंथालय १८५२ सालच्या सप्टेंबरच्या २ तारखेस उघडलें. समारंभास डिकन्स व थॅकरे यांच्यासारखे ग्रंथकार आले होते. आणि त्या ग्रंथालयासाठीं गोळा झालेल्या निधींत गिरण्यांतल्या कामकऱ्यांनीं आपली भर घातली होती. तेथील पहिला ग्रंथपाल होता एडवर्ड एडवर्ड्‌स. ज्यानें इतरांच्या ग्रंथालयांची गणती केली, त्यास आतां स्वतःच्या ग्रंथालयाचा हिशेब द्यावयाचा होता. त्याचें आपल्या समितीशीं पटलें नाहीं आणि १८५८ मध्यें त्यास तें पद सोडावें लागलें. दुसऱ्याच वर्षीं ग्रंथालयांच्या इतिहासावरील त्याचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला; आणि १८८६ सालीं वाइट बेटावरील एका खेड्यांत हा माणूस दारिद्र्यांत मरण पावला. त्यानें ज्यांचा पाया घातला त्या संस्था तोंवर शहरोशहरीं उभ्या राहात होत्या.

त्या संस्थांना दरसाल अहवाल काढावा लागे, आणि अहवालाचा आत्मा म्हणजे देवघेवीचें कोष्टक. त्यांत इतिहास, धर्म, शास्त्र, काव्य असे रकाने पाडून प्रत्येकीं किती पुस्तकें वाचकांनीं नेलीं हें दाखवीत. त्यांतून एक गोष्ट सर्वत्र बाहेर आली, ती ही कीं, लोक बहुधा कादंबऱ्या नेतात. कराला विरोध करणारांच्या हातीं हें कोलीतच लागलें. आमच्या पैशानें आळशांची करमणूक होते, असा ओरडा सुरू झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा ‘कादंबरीचा प्रश्न’ ग्रंथपालांच्या परिषदांतून वर्षानुवर्षें चघळला गेला. कित्येक ग्रंथालयांनीं यावर एक युक्ति काढली : वाचकास एका तिकिटावर हवें तें पुस्तक, आणि दुसऱ्या तिकिटावर कादंबरीखेरीज दुसरें कांहींहि. या युक्तीनें गंभीर ग्रंथ घरीं नेण्यास सवड झाली हें खरें. पण त्याचबरोबर कोष्टकांतील कादंबरीचें प्रमाण खालीं आणण्याचीहि सोय झाली. दुसऱ्या तिकिटावर नेलेला ग्रंथ उघडला गेला कीं तसाच परत आला, हें कोणत्याहि रकान्यांत येत नव्हतें. येथें आंकडा प्रथमच आपल्या मूळ कामापासून ढळलेला दिसतो. तो होता वाचकांची स्थिति दाखविण्यासाठीं. त्याचा उपयोग होऊं लागला ग्रंथपालाची अब्रू राखण्यासाठीं.

याच्या उलट, गणतीचा उत्तम उपयोग कसा होतो याचेंहि उदाहरण त्याच काळांत सांपडतें. त्या वेळीं इंग्लंडमधील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकास कपाटांपर्यंत जातां येत नसे. त्यानें यादींतून क्रमांक काढावा, भिंतीवरच्या फळ्यावर तें पुस्तक आंत आहे कीं बाहेर तें पाहावें, आणि मग खिडकीशीं जाऊन मागावें. १८९४ सालीं लंडनच्या क्लार्कनवेल भागांतील ग्रंथपाल जेम्स डफ ब्राऊन यानें ही पद्धत मोडून वाचकांस कपाटें मोकळीं केलीं. पुस्तकें चोरीस जातील, असा समव्यवसायी लोकांनींच गहजब केला. या वादाचा निकाल वक्तृत्वानें लागण्यासारखा नव्हता. वर्षअखेर पुस्तकें ताडून पाहणें, किती हरवलीं तें मोजणें, आणि त्या तोट्याची तुलना मोकळ्या कपाटांपासून होणाऱ्या लाभाशीं करणें, हाच त्यास मार्ग होता. पुढच्या पिढींत मोकळीं कपाटें हीच सर्वत्र रूढ रीत झाली. माणसांवर विश्वास ठेवावा कीं नाहीं, असा जो नीतीचा प्रश्न वाटत होता, त्याचा पुष्कळसा भाग मोजदादीनें सोडविण्यासारखा होता.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानांत या विषयाचा पहिला मोठा प्रयोग एका मराठी राजानें गुजराथेंत केला. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला व १९०६ मध्यें तें सर्व बडोदें राज्यास लागू केलें. शाळा सोडलेल्या मुलाच्या हातीं पुढें पुस्तक पडलें नाहीं तर चार वर्षांत तो होता तसा निरक्षर होतो, आणि शाळेवरील खर्च वाळूंत ओतलेल्या पाण्यासारखा होतो. मुलांची संख्या शाळेच्या पटावर मोजली जाते. पण अक्षर टिकलें किती जणांचें, हें पटावर दिसत नाहीं. महाराजांनीं ग्रंथालय हें शिक्षणाचें भूषण मानलें नाहीं, त्याचें रक्षण मानलें. अमेरिकेच्या प्रवासांत तेथील ग्रंथालयें पाहून आल्यावर त्यांनीं न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांस १९१० सालीं बडोद्यास आणविलें. बोर्डन तीन वर्षें राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग, फिरत्या ग्रंथपेट्या आणि खेडोपाडीं वाचनालयें, अशी त्यांनीं आंखणी केली. त्यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर यांनीं ती धुरा वाहिली, आणि १९१९ सालीं या चळवळीचा इतिहास इंग्रजींत लिहून प्रसिद्ध केला. १९१२ पासून बडोद्याहून जें ग्रंथालयविषयक नियतकालिक निघूं लागलें, त्यांत इंग्रजी व गुजराथीबरोबर मराठीलाहि स्थान होतें.

बडोद्याच्या योजनेंत गणतीच्या दृष्टीनें दोन गोष्टी मार्मिक होत्या. पहिली, खर्चाची वांटणी. गांवकऱ्यांनीं वर्गणीचा एक हिस्सा उभारला म्हणजे तितकाच स्थानिक पंचायतीनें व तितकाच सरकारनें द्यावयाचा. यामुळें गांवाची इच्छा हीच मोजली जाई. कारण पदरचा पैसा देतांना कोणी खोटी आवड दाखवीत नाहीं. अर्थात् यांत दोषहि आहे. ज्या गांवास वर्गणीची ताकद नाहीं त्याची भूक या मापांत उमटत नाहीं. तो दोष फिरत्या पेट्यांनीं कांहीं अंशीं भरून निघे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एडवर्ड्‌सनें शहरांतील ग्रंथ लोकसंख्येशीं ताडले. बडोद्यांत ग्रंथालय कोणत्या गांवांत आहे व कोणत्या गांवांत नाहीं, असा हिशेब करीत. ज्यास वाचतांच येत नाहीं त्याचाहि विचार तेथें झाला होता. त्याच्यासाठीं जादूच्या कंदिलाचीं चित्रें आणि चलच्चित्रें दाखविण्याची शाखा ग्रंथालयखात्यांत होती. स्त्रियांकरितां व मुलांकरितां वेगळी व्यवस्था होती. ‘आमच्याकडे कोण येतो’ एवढेंच न मोजतां ‘आमच्याकडे कोण येत नाहीं’ हें मोजणें, हें या प्रयोगाचें खरें वैशिष्ट्य होय.

तिसरा टप्पा मद्रासचा. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठानें आपल्या ग्रंथालयावर शियाळी रामामृत रंगनाथन् या गणिताच्या अध्यापकाची नेमणूक केली. सुनसान ग्रंथालयांत बसून त्यांस इतका कंटाळा आला कीं, थोड्याच दिवसांत ते आपल्या जुन्या महाविद्यालयांत परत घ्या म्हणून विनवूं लागले. आधीं इंग्लंडास जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, मग पाहूं, असें सांगून त्यांची समजूत घालण्यांत आली. इंग्लंडांत त्यांनीं पुष्कळ ग्रंथालयें हिंडून पाहिलीं, आणि १९२५ सालीं ते परतले ते या कार्याचे आजन्म उपासक होऊन. गणितज्ञाची दृष्टि मात्र त्यांनीं टाकली नाहीं. १९३१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पांच सूत्रांचा अर्थ आपल्या भाषेंत सांगावयाचा तर असा : ग्रंथ हे वापरासाठीं आहेत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक, वाचकाचा वेळ फुकट जाऊं नये, आणि ग्रंथालय हें वाढतें, जिवंत शरीर आहे.

हीं सूत्रें उपदेशाचीं दिसतात. परंतु नीट पाहिलें तर त्यांतील प्रत्येक सूत्र एकेक माप हातीं देतें. ग्रंथ वापरासाठीं असेल तर कपाटांत किती आहेत यापेक्षां वर्षांत किती हलले हें विचारावें. वाचकास त्याचा ग्रंथ मिळावयाचा असेल तर किती मागण्या रित्या हातानें परतल्या तें टिपावें. ग्रंथास वाचक मिळावयाचा असेल तर दहा वर्षांत ज्याच्या चिठ्ठीवर एकहि तारीख पडली नाहीं असे ग्रंथ कोणते, तें शोधावें. वाचकाचा वेळ वाचवावयाचा असेल तर खिडकीशीं तो किती मिनिटें तिष्ठतो तें घड्याळ लावून पाहावें. या मोजमापांस स्वतंत्र शास्त्राचें रूप द्यावें, अशी सूचना रंगनाथन् यांनीं १९४८ सालीं इंग्लंडमधील एका परिषदेंत केली आणि त्या शास्त्रास ‘लायब्रमेट्री’ असें नांव सुचविलें. त्याच वर्षीं मद्रास प्रांतांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यामागेंहि त्यांचीच कित्येक वर्षांची खटपट होती. एडवर्ड्‌सचे आंकडे सरकारास जागें करण्यासाठीं होते. रंगनाथनांचीं मापें ग्रंथपालानें स्वतःस जागें ठेवण्यासाठीं होतीं. हा फरक लहान नव्हे.

महाराष्ट्रांतहि पुस्तकांच्या गणतीची परंपरा आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९८ सालीं मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीं जें इंग्रजी टिपण लिहिलें, तें सरकारी नोंदणीच्या याद्यांवर आधारलेलें होतें. आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत देशी भाषांस जागा मिळावी या वादांत त्याचा उपयोग झाला. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि एकट्याच्या निष्ठेनें सिद्ध केली. मुंबई सरकारनें १९३९ मध्यें आसफ फैझी यांच्या अध्यक्षतेखालीं ग्रंथालयांच्या वाढीचा विचार करण्यास समिति नेमली. तिनें मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची योजना सुचविली. पुढें १९६७ सालीं महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि त्याखालीं मान्य झालेल्या ग्रंथालयांस अ, ब, क, ड असे वर्ग देऊन त्याप्रमाणें अनुदान देण्याची पद्धत पडली. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकें, कामाचे तास अशा गोष्टींवरून. या पद्धतीनें खेडोपाडींच्या हजारों वाचनालयांस आधार मिळाला, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु आंकड्यास पैसा जोडला कीं आंकड्याचा स्वभाव बदलतो. २०१२ सालीं राज्यांतील ग्रंथालयांची सरकारनें सरसकट पडताळणी करविली, यावरूनच कागद आणि कपाट यांत अंतर पडल्याचा संशय किती बळावला होता हें दिसून येतें. वॉट्‌सचा ‘पडताळा पाहणारा’ दीडशें वर्षांनीं मराठी मुलुखांत येऊन पोंचला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या संबंधांत प्रस्तुत लेखकाच्या अनुभवाची एक गोष्ट सांगतों. एका तालुक्याच्या गांवीं वाचनालयाच्या कार्यकारी मंडळांत कांहीं वर्षें काम करण्याचा योग आला होता. दर वर्षीं आमची देवघेव वाढे आणि आम्ही संतुष्ट असूं. तेथें देवघेवीच्या मेजावर बसणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते निवृत्त व्हावयाच्या सुमारास त्यांनीं एक जुनी वही आमच्यापुढें ठेवली. ज्यांनीं पुस्तक मागितलें आणि ज्यांस तें मिळालें नाहीं, त्यांची नोंद त्यांनीं आपल्या समाधानासाठीं ठेवली होती. ना कोणी सांगितलें होतें, ना कोणी विचारलें होतें. ती वही चाळतांना आमचे चेहरे उतरले. परिचारिकेच्या परीक्षेचें पुस्तक मागणारी एक मुलगी तीनदां येऊन गेली होती. मग तिचें नांव पुढें कोठेंच नाहीं. द्राक्षांवरील रोगांचें पुस्तक विचारणारे शेतकरी, मोठ्या टायपांतील पोथी मागणाऱ्या म्हाताऱ्या बायका, लहान मुलांसाठीं चित्रांचें कांहीं आहे का म्हणून डोकावणाऱ्या आया, हीं सारीं माणसें आमच्या दारापर्यंत आलीं होतीं आणि आमच्या एकाहि अहवालांत नव्हतीं. आमची देवघेव वाढली होती ती त्याच त्या वाचकांनीं त्याच त्या कादंबऱ्या अधिक वेळां नेल्यामुळें.

त्या वर्षींच्या अहवालांत या वहीचा सारांश छापावा कीं काय, यावर मंडळांत मोठा वाद झाला. अनुदानावर परिणाम होईल अशी भीति कित्येकांस वाटली. आणि ती अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. अखेर छापणें राहिलें, परंतु पुढील वर्षाची खरेदी त्या वहीवरून झाली. छापावयास हवें होतें, असें आज वाटतें. त्या वहींत आमची नामुष्की होती हें खरें. पण सरकारापुढें व गांवापुढें पैसा मागावयास तिच्याइतकें बळकट साधनहि आमच्यापाशीं दुसरें नव्हतें. ‘आमच्याजवळ इतके ग्रंथ आहेत’ या वाक्यानें कोणाचें मन हलत नाहीं; ‘अमुक इतकीं माणसें आमच्या दारावरून परत गेलीं’ या वाक्यानें हलतें. एडवर्ड्‌सला १८४८ सालीं हेंच उमगलें होतें. इंग्लंडजवळ काय आहे हें त्यानें सांगितलें नाहीं, काय नाहीं तें सांगितलें. आणि आपल्या राष्ट्राची उणीव उघड केल्याबद्दल त्यास देशाभिमानशून्य ठरविण्याऐवजीं त्या राष्ट्रानें कायदा केला.

ग्रंथालयानें गणती करूं नये, वाचन ही मोजतां येणारी वस्तु नव्हे, असें म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांचें अर्धें म्हणणें खरें आहे. एखाद्या पुस्तकानें एखाद्या मुलाच्या मनांत काय केलें, हें कोणत्याहि कोष्टकांत कधींच येणार नाहीं. परंतु तें पुस्तक त्या मुलाच्या हातीं पडलें कीं नाहीं, हें मोजतां येतें. आणि तें मोजणें हेंच ग्रंथपालाचें काम आहे. जो दुकानदार फक्त झालेली विक्री लिहितो आणि गिऱ्हाईक काय मागून गेलें तें विसरतो, त्याचें दुकान फार दिवस चालत नाहीं, हें आपल्या पेठांतला साधा व्यापारीहि जाणतो. ज्ञानाच्या दुकानाला हा नियम लागू नाहीं, असें मानण्यास कांहीं कारण दिसत नाहीं.

म्हणून पुढच्या वार्षिक सभेस चिटणीस अहवाल वाचूं लागतील तेव्हां वाचकांनीं टाळी वाजविण्यापूर्वीं तीन प्रश्न जरूर विचारावे. हे ग्रंथ मोजले कोणी व कसे? यांतील किती वर्षभर जागचे हलले नाहींत? आणि गांवांतील कोणतीं माणसें अजून या दाराशीं आलींच नाहींत, किंवा येऊन परत गेलीं? उत्तरें ऐकण्यास कदाचित् गोड वाटणार नाहींत, आणि त्या दिवशीं चहापानास थोडा उशीरहि होईल. परंतु सबंध देशांत मोकळ्या दाराचें ग्रंथालय एकच आहे, ही गोष्ट तरी ज्यांनीं प्रथम ऐकली त्यांस कोठें गोड वाटली होती?